साहेबांचा चष्मा आणि आमची कढी

माझ्या यजमानांनी ऐन उमेदीची वर्षं लोकांना 'नाही' म्हणण्यात घालवली, आणि तरीही आमच्या सेक्टरात त्यांच्याइतका लाडका माणूस दुसरा नव्हता. हे कसं जमतं ते मला लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नाही. माझ्या तोंडून 'नाही' निघालं की समोरचा माणूस दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलत नाही. यांचं 'नाही' ऐकून माणूस चहा पिऊन, सुपारी खाऊन, वर यांचेच आभार मानून जायचा.

हे मुळात भिलाईच्या पोलाद कारखान्यातले, म्हणजे प्लांटातले क्लार्क. भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा सासरे भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोपवून भिलाईला आले, त्यांच्यामागून हेही नोकरीला लागले. तिथे युनियनचे एक पुढारी होते. जवळच्याच गावातल्या शेतकरी घरातला छत्तीसगढी माणूस. ते बोलायला उभे राहिले की पाळी सुटलेले लोकही सायकली टेकवून ऐकत राहायचे. पण कागद दिसला की त्यांना जांभया यायच्या. भाषणाचे मुद्दे काढून देणारा, कोणाला आधी भेटायचं आणि कोणाला टाळायचं हे कानात सांगणारा एक माणूस त्यांना हवा होता. तो माणूस हे झाले. पुढारी आमदार झाले, मग भोपाळला (भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती) राज्यमंत्री झाले, आमचे 'साहेब' झाले, आणि प्लांटातली नोकरी शाबूत ठेवून हे त्यांच्याबरोबर गेले. भोपाळच्या दारावर यांच्या नावाखाली 'निज सचिव', म्हणजे खाजगी सचिव, अशी पाटी लागली. ती पाटी बघायला सासूबाई खास भोपाळला जाऊन आल्या आणि आल्यावर म्हणाल्या, "पाटी चांगली आहे, पण पोरगा वाळला."

आमच्या शेजारी एक इंजिनिअर राहायचे. ते ट्रेनिंगसाठी विलायतेत राहून आले होते. त्यांनी एकदा सांगितलं, तिथल्या पंतप्रधानाजवळसुद्धा असा एक माणूस असतो, त्याला पोलिटिकल सेक्रेटरी म्हणतात. तो निवडून आलेला नसतो, कायमचा सरकारी नोकरही नसतो, पण त्याच्या कानावर घातल्याशिवाय पंतप्रधानापर्यंत काही पोचत नाही. हे ऐकून यांची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्या ताणल्या. त्यानंतर मी पिशवी हातात दिली की हे म्हणायचे, "पोलिटिकल सेक्रेटरीले वांगे आणाले पाठवून राहिली का?" वांगी मात्र आणायचे, आणि तीही किडकी.

यांच्या कामाची पद्धत सोपी होती. 'हो' साहेबांच्या तोंडून आणि 'नाही' यांच्या तोंडून. साहेब कोणालाही, कशालाही, कधीही 'नाही' म्हणत नसत. सुपेल्याचा दुकानदार येवो, बोरसीचा शेतकरी येवो, साहेबांचं उत्तर एकच, "हो जाएगा." मग त्यातलं खरं काय करायचं आणि खोटं काय ठेवायचं हे यांना कसं कळायचं? मला फार दिवस वाटायचं की दोघांची संध्याकाळी गुपचूप चर्चा होत असेल. तसं नव्हतं. एकदा तब्येत खुशीत असताना यांनी मला फोडून सांगितलं, तेही देवाची शपथ घालून. साहेबांनी माणसाच्या खांद्यावर हात ठेवला की ते काम करायचं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला की ते काम करायचं, आणि त्याच दिवशी करायचं.

हे कळल्यापासून माझी मोठीच करमणूक व्हायला लागली. साहेब मतदारसंघात आले की त्यांचा दरबार आमच्याच व्हरांड्यात भरायचा. मी चहाचे कप घेऊन बाहेर जायची आणि साहेबांच्या हाताकडे बघायची. ज्याच्या खांद्यावर हात पडायचा तो माणूस तरंगतच फाटकाबाहेर पडायचा. दुसऱ्या दिवशी सुपेल्याच्या बाजारात तो चारचौघांना सांगत असायचा की साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी भेंडी निवडता निवडता मनात म्हणायची, गेलं रे बाबा तुझं काम.

पुढे तोच माणूस आठवड्याभरानं चौकशीला यायचा. मग यांचं कौशल्य सुरू व्हायचं. आधी त्याला खुर्ची. मग त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी, धानाची चौकशी, पोराच्या शाळेची चौकशी. चहा. आणि मग अशा काही दुःखी चेहऱ्यानं हे त्याला नियम समजावून सांगायचे की त्या माणसालाच यांची दया यायची. "जाऊ द्या पी.ए. साहेब, तुम्ही मनावर नका घेऊ," असं तोच यांना समजावून जायचा. मी आतून हे ऐकायची आणि कपाळावर हात मारायची. आजही मला वाटतं की त्या कामाची कुठे शाळा असती तर हे तिचे हेडमास्तर झाले असते.

पण ही विद्या हळूहळू घरात शिरायला लागली, तेव्हा माझी गंमत संपली. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, म्हणून मी यांना म्हटलं की टाउनशिपच्या ऑफिसात सांगा. हे रेडिओला कान लावून बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुमचं काम झालंच समजा." तुमचं! मी बायको आहे की बोरसीहून अर्ज घेऊन आलेली? छत गळतच राहिलं.

मग एक दिवस आमच्या मुलीनं सगळ्यांची विकेट घेतली. ती तेव्हा सातवीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही येणार ना?" हे म्हणाले, "येणार ना बेटा, नक्की येणार," आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी म्हणाली, "बाबा, हात काढा आणि खरं सांगा." तिला ही खूण मी सांगितली नव्हती. व्हरांड्यात अभ्यास करता करता ती तिनं आपली आपणच शिकून घेतली होती. यांचा चेहरा उतरला. हात त्यांनी मुद्दाम ठेवला नव्हता, तो आपोआप गेला होता, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. गॅदरिंगच्या दिवशी हे भोपाळलाच होते. मुलगी नाचली छान, पण माझा राग नाचाकडे बघू देईना.

त्याच पावसाळ्यात प्लांटातून विचारणा आली. बाहेर काम करायला दिलेली मुदत संपत होती. एक तर परत कामावर या, नाहीतर राजीनामा द्या. साहेबांचं म्हणणं एकदम स्पष्ट होतं. राजीनामा द्यायचा आणि बिऱ्हाड घेऊन कायमचं भोपाळला यायचं. त्यांनी आमच्यासाठी तिथं घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

मला भिलाई सोडायची नव्हती. हे मी साफ सांगते, कारण लोक अशा वेळी मुलांच्या शाळेचं नाव पुढे करतात. मुलं काय, कुठेही शिकली असती. मला सोडायची नव्हती. मी शिकवायची ती सुपेल्याची शाळा होती, त्यातली पहिलीची पोरं होती, जी मला मराठीत शिव्या शिकवा म्हणून मागे लागायची. क्वार्टरमागे मी लावलेलं जांबाचं झाड होतं. आणि मुख्य म्हणजे भोपाळला गेलो तर हा माणूस पूर्णच साहेबांचा होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. इथे निदान महिन्यातले काही दिवस तो माझ्या वाट्याला येत होता.

"तुम्हाला जायचं आहे का?" मी यांना विचारलं.

"मले काय विचारते? साहेबांनी ठरवलं आहे."

"पण तुमच्या मनात काय आहे?"

हे चपलेचा अंगठा नीट करायला लागले. मग म्हणाले, "साहेबांले मी कधी नाही म्हटलंच नाही. माझं काम साहेबांच्या वतीनं दुसऱ्यांले नाही म्हणायचं आहे. साहेबांले नाही म्हणाचं कसं, हे मले कोणी शिकवलंच नाही."

"मग मी म्हणते."

"तू काही बोलू नको. तू बोलली की भांडण होते."

हे खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

भाद्रपद आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच, पण आमच्या विदर्भात त्यांचा थाट वेगळा. सासूबाईंनी गावाहून पितळी मुखवटे आणले होते. दुसऱ्या दिवशी मोठा स्वयंपाक, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, वडे, कढी. आणि आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशी दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही, मग तो कोणी का असेना. म्हणजे वर्षातून एक दिवस यांची सत्ता उंबरठ्याबाहेर राहायची. एरवी ज्यांना हे फाटकातूनच वाटेला लावायचे, त्यांना त्या दिवशी स्वतः पाणी द्यायचे. मला हा दिवस फार आवडायचा, आणि तो केवळ देवीमुळे आवडायचा असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी साहेबांनी निरोप धाडला, महालक्ष्मीच्या जेवणाला येतो आणि भौजीला, म्हणजे मला वहिनीला, मीच समजावतो. साहेबांना आमच्या घरची कढी फार आवडायची. भातावर घेत नसत. वाटी उचलून तोंडाला लावायचे आणि एका दमात प्यायचे.

पंगत बसली. समोरच्या खोलीत महालक्ष्म्या, त्यांच्यासमोर पाटांच्या दोन रांगा. साहेब मधल्या पाटावर, त्यांच्या एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला शेजारचे इंजिनिअर. समोरच्या रांगेत युनियनचे लोक, साहेबांचा ड्रायव्हर, आणि बोरसीचा तोच शेतकरी, ज्याला हे वर्षभर टाळत होते. तो सगळ्यांत खुशीत होता. हे तुपाची वाटी घेऊन वाढत होते.

मी वडे काढत होते तर हे मधेच स्वयंपाकघरात आले.

"एवढी पंगत बसली आणि तुम्ही इथं काय करून राहिले?"

"कढी गरम कर."

"गरम आहे की."

"अजून कर. साहेबांची वाटी वेगळी काढ."

"उकळली तर फुटीन ना कढी!"

"फुटू दे," असं म्हणून हे तुपाचं भांडं घेऊन निघूनसुद्धा गेले. मला असा संताप आला! पहाटेपासून राबून केलेली कढी, आणि म्हणे फुटू दे. साहेबांचे लाड करायलाही काही सीमा असते. पण सणाचा दिवस, म्हणून गप्प बसले आणि एक वाटीभर कढी वेगळी काढून शेगडीवर ठेवली.

बाहेर आले तर साहेबांनीच विषय काढला. "भौजी, भोपाल में घर बहुत बढ़िया देखा है. पीछे आँगन भी है."

वडे हातातच होते. मी ताट खाली ठेवलं, पदर सावरला, आणि आता बोलले नाही तर जन्मभर बोलणार नाही असं वाटून बोलून टाकलं. "साहेब, आज महालक्ष्म्या घरात आहेत. आज दारात आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. मी माझ्याच दारात उभी राहून तुम्हाला एक मागते. माझा माणूस मला परत द्या. त्यांना प्लांटात परत जाऊ द्या. आम्ही इथंच राहू."

पंगतीतले सगळे हात थांबले. सासऱ्यांनी मान खाली घातली. बोरसीचा शेतकरी वडा तोंडाशी धरून बघत राहिला. आणि साहेब हसले, अगदी मोकळेपणी. "बस, इतनी सी बात? हो जाएगा, भौजी!"

हे 'हो जाएगा' मी वर्षानुवर्षं चहाच्या कपांबरोबर ऐकलं होतं. भर पंगतीत साहेब दुसरं बोलणारच नव्हते. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा हात पुरणानं आणि तुपानं माखलेला. डावा हात वर उचलला गेला होता आणि बाजूला वाकून तूप वाढणाऱ्या यांच्या खांद्याकडे निघाला होता. म्हणजे संपलंच. आता आठवड्याभरानं हेच मला खुर्चीवर बसवून, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून, आपण भोपाळला का गेलं पाहिजे हे समजावणार.

तेवढ्यात हे म्हणाले, "साहेब, तुमची कढी राहिली," आणि लगबगीनं आत जाऊन वाटी घेऊन आले. मला वाटलं, या माणसाला काय म्हणावं? बायको सगळ्यांसमोर पदर पसरून उभी आहे आणि याला कढीची पडली आहे! वाटी फडक्यात धरून यांनी ती फडक्यासकट साहेबांच्या त्याच डाव्या हातात दिली. साहेबांना नेहमीसारखा मोह झाला. वाटी त्यांनी तोंडाजवळ नेली, फुंकर घातली, आणि त्यांचा चष्मा पांढराफटक झाला.

"अरे बाप रे," साहेब म्हणाले. वाटी खाली ठेवली. डाव्या हातानं चष्मा काढला आणि खांद्यावरच्या उपरण्यानं पुसला.

"जी, साहेब," हे ताठ उभे राहून म्हणाले. "उद्याच प्लांटात जाऊन हजर होतो."

साहेबांनी उघड्या डोळ्यांनी यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या चष्म्याकडे बघितलं. आणि मग ते असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि सासऱ्यांना पाठ थोपटावी लागली. ते का हसले ते पंगतीत कोणालाच कळलं नाही, पण मंत्रीच हसतोय म्हटल्यावर सगळेच हसले. मी मात्र आत पळाले आणि शेगडीसमोर बसून रडले. आनंदानं रडले, हे सांगायलाच हवं, कारण सासूबाईंना वाटलं मला चटका बसला.

हात धुताना साहेब मला म्हणाले, "भौजी, अब मेरी तरफ से ना कौन बोलेगा?" मी म्हटलं, "मला ठेवा. माझं नाही ऐकून माणूस पुन्हा येतच नाही." त्यावर त्यांनी हातच जोडले. जाताना बोरसीच्या शेतकऱ्याचं काम त्यांनी चष्मा न काढता, सरळ तोंडानं सांगून करून दिलं. बहुतेक त्या दिवशी चष्म्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

हे दुसऱ्या दिवशी डबा घेऊन, सायकलवर, प्लांटात गेले. सुरुवातीला व्हरांडा रिकामा बघून कासावीस व्हायचे. फाटक वाजलं की उठून उभे राहायचे आणि दूधवाला बघून बसायचे. पण पुढच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसले होते, आणि मुलीचा नाच संपायच्या आधीच टाळ्या वाजवायला लागले. त्याच महिन्यात छतही दुरुस्त झालं. साहेब पुढे निवडणूक हरले, पण महालक्ष्मीला यायला चुकले नाहीत. आले की म्हणायचे, "थोरकन अउ दे, भौजी," म्हणजे थोडी अजून दे, आणि वाटी पुढे करायचे. शेवटपर्यंत माझी कढी आधी फुंकून, चष्मा कपाळावर चढवूनच प्यायचे.

मी हा किस्सा पुष्कळ ठिकाणी सांगितला. दरवेळी सांगायची की मी कशी हिमतीनं बोलले आणि महालक्ष्मीनं कशी वाफ धाडली. हे ऐकत बसायचे आणि मधे एक अक्षर बोलायचे नाहीत. राजकारणात राहून त्यांना गप्प बसायची सवय झाली आहे, असं मला वाटायचं.

हे रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतच नेहरू नगरला घर बांधलं. महालक्ष्म्या आता तिथे बसतात. साहेब आता नाहीत, त्यांच्या पाटाच्या जागी जावई बसतो. गेल्या खेपेला मुलगी माहेरी आली होती आणि तीच वाढत होती. कढी सगळ्यांना वाढून झाली तेव्हा जावयानं सहज म्हटलं की कढी जरा कोमट आहे.

"कढी कोमटच वाढाची असते," हे म्हणाले. "गरम केली की फुटते. उकळती कढी मी जन्मात एकदाच वाढाले लावली."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला स्वतःच्या मनातलं 'नाही' म्हणता आलं नाही म्हणून मी म्हटलं. मी बोलणार हे त्याला माहीत होतं. साहेब काय उत्तर देतील हे माहीत होतं. आणि त्याच्यापुढे काय करायचं ते मी तोंड उघडायच्या आधीच शेगडीवर तापत होतं. त्याला राहायचं होतं. माझ्याइतकंच राहायचं होतं.

"अहो," मी म्हटलं, "तेव्हा मला सांगितलं कावून नाही? तुम्हालाही राहायचं होतं ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं, डाव्या हातानं चष्मा काढला, आणि धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला. समोरच्या वाटीतली कढी कोमटच होती.